नंतरचा कागद

४ ऑगस्ट, सोमवार

आले एकदाची. मिलवॉकीहून सहा तास गाडी हाकली, वाटेत मक्याखेरीज काही दिसलं नाही, तरी गावात शिरताना मी गुणगुणत होते. किराणा दुकानावरची खोली स्वच्छ आहे, खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो. घरमालकीण बाईंनी लिंबाच्या वड्यांचं ताट आणून ठेवलं आणि पंधरा मिनिटं दारात उभं राहून, मी तुझा वेळ घेत नाही ना, असं विचारत माझा वेळ घेतला. मिनेसोटातली माणसं सभ्य असतात असं ऐकून होते. हा सभ्यपणा एवढा चिकट असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओल्सगार्ड बस कंपनीचा पसारा म्हणजे एकोणीस पिवळ्या शाळेच्या बस, तेवीस ड्रायव्हर, एक मेकॅनिक आणि मॅनेजर आर्लन डाल्की. आर्लन मालकाचा जावई. दुसरी कुठली पात्रता त्याच्याकडे आहे असं दिवसभरात तरी दिसलं नाही. तो प्रत्येक वाक्याआधी आभार मानतो. आल्याबद्दल आभार, गाडी सरळ लावल्याबद्दल आभार.

माझं काम म्हणजे दुरुस्तीच्या शेडवरची मोठी खोली नव्याने मांडून देणं. तिथे कंपनीच्या बैठका आणि ड्रायव्हरांचं प्रशिक्षण होतं. मागची बैठक चार तास चालली आणि तिच्यात ठरलं काय, तर पुढची बैठक कधी घ्यायची. खोली पाहिल्यावर नवल वाटलं नाही. चर्चने टाकून दिलेल्या खुर्च्या, एकीची उंची दुसरीला जुळत नाही. गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइट. खिडकीसमोर बस लावायचं अंगण, त्यामुळे कोण आलं कोण गेलं यावर तेवीस माना वळणार. भिंतीवर भुसा भरलेला एक मासा, तोंड उघडं. खोलीतला सर्वांत हुशार चेहरा त्याचाच.

दोन सप्टेंबरला शाळा उघडतात. त्याआधी बैठका तासाभरात संपल्या पाहिजेत आणि शिकवलेलं डोक्यात राहिलं पाहिजे, एवढंच आर्लनला हवं आहे. अठरा वर्षं मी मोठमोठ्या कंपन्यांच्या खोल्या अशा करून दिल्या, आणि त्यांनी मला एका ओळीच्या पत्रात नारळ दिला. या बसवाल्यांना मी डाव्या हाताने खोली करून देईन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खोली झाली. स्वतःचंच कौतुक लिहायला संकोच वाटावा इतकी चांगली झाली.

टेबलं घोड्याच्या नालासारखी लावली, म्हणजे कुणाला कुणाच्या पाठीमागे लपता येत नाही. खुर्च्या एकसारख्या, पाठ टेकली की कण्याला आधार मिळेल पण डुलकी लागणार नाही अशा. जमिनीवर जाड गालिचा, छताला मऊ फळ्या. बोललेला शब्द आता जिथे पोचायचा तिथे पोचतो आणि तिथेच थांबतो. उजेड सकाळी दहाच्या उन्हासारखा, दिवसभर तेवढाच. हवा अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर, म्हणजे गारही नाही आणि उकडतही नाही. घड्याळ काढलं, खिडकीवर फिकट हिरवा पडदा ओढला, मासा फडताळात टाकला. माणसाचं मन जिथे जिथे अडखळतं, ती एकेक जागा शोधून मी गुळगुळीत केली. हेच माझं कसब आहे आणि ते मला येतं.

शेवटी भिंतीवर नंतरचा कागद लावला. ही या देशातल्या बैठकांची जुनी रीत. विषय सोडून कुणी काही काढलं की त्याचे आभार मानायचे, त्याचा प्रश्न या कागदावर लिहायचा आणि पुढे जायचं. नंतर बघू. नंतर कधीच कुणी बघत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि विचारणाऱ्यालाही. पण लिहिलं गेलं की माणूस निवतो. असा हा सभ्य लोकांचा उकिरडा. माझ्याइतका तो कुणी वापरला नसेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पहिली बैठक. बावन्न मिनिटं! आर्लनच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

वेळ खाल्ला तो एकटीने, व्हर्ना टॉलेफसनने. वय त्रेसष्ट, एकतीस वर्षं बस चालवते, आवाज बसच्याच इंजिनासारखा. आत येताच तिने खुर्चीवर दोनदा आपटून बसून बघितलं आणि विचारलं, काय गं मिलवॉकीच्या बाईसाहेब, इथे शवपेट्या विकायला ठेवणार आहात का, एवढी शांतता कशाला? सगळे खिदळले. मीही हसले, दात दिसतील एवढंच.

आर्लन वेळापत्रक समजावत असताना ती मध्येच उठली. तिची चौदा नंबरची बस, तिचं संकटकाळी उघडायचं मागचं दार. हँडल फिरतं, पण बस उन्हात तापली की खटका आत अडकून बसतो. तिने स्वतः आतून ओढून पाहिलं, खांदा लावला, उघडलं नाही. बालवाडीची अकरा पोरं असतात माझ्या गाडीत, म्हणाली, त्यांनी उघडायचं कसं? एका खटक्यावर सहा मिनिटं. आर्लनने तिचे आभार मानले, फार मोलाचा मुद्दा आहे म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर सुबक अक्षरात लिहिलं: १४ नंबरचं मागचं दार. व्हर्ना बसली. बसली ती इतकी शांत बसली की मला स्वतःच्या खोलीचा अभिमान वाटला.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळी नंतरचा कागद कोरा होता. खाडाखोड नाही, फाडल्याची खूण नाही. कुणीतरी नवा लावला असेल. इथल्या माणसांना न सांगता मदत करायची खोड आहे. त्यावर काय लिहिलं होतं ते आठवेना. महत्त्वाचं नसणार. कागदावर जातं ते नसतंच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बेचाळीस मिनिटं. चार प्रश्न कागदावर, चारही माणसं निवांत. आर्लनने माझ्यासाठी कप छापून आणला: उत्तम खोली, उत्तम माणसं. मी आभार मानले आणि तो कप पेन्सिली ठेवायला घेतला.

व्हर्ना आज मला टोमणा न मारता गेली. रेनाटा, छान दिवस जावो, म्हणाली. बरं वाटायला हवं होतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

आर्लनला अहवालात बैठकांच्या वेळा हव्या होत्या म्हणून ही वही मागे चाळली. बारा तारखेचं पान वाचलं. पुन्हा वाचलं.

अक्षर माझं आहे. उकिरडा वगैरे शब्द माझेच, दुसरं कुणी इतकं कुजकट लिहीत नाही. पण त्या दाराबद्दल मला काही म्हणजे काही आठवत नाही. व्हर्ना उठली होती? अकरा पोरं?

दुपारी ती अंगणात बस पुसत होती. मी जाऊन विचारलं, दाराचं काय झालं. कुठलं दार, असं म्हणून तिने इतकं गोड हसून पाहिलं की मला कसंसंच झालं. मी वही उघडून तिला तिचंच बोलणं वाचून दाखवलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. आम्ही दोघी चौदा नंबरात चढलो. आत भट्टी झाली होती. तिने हँडल फिरवलं, ढकललं. मीही जोर लावला. दार जागचं हललं नाही.

व्हर्ना मागच्या सीटवर बसून राहिली. तिथे कुणीतरी पेनाने वेडंवाकडं फूल काढलं होतं, त्यावर ती अंगठा फिरवत होती. अगं, मी हे विसरले कसं, म्हणाली. मी रात्री झोपेतसुद्धा पोरं मोजते गं. एवढं मोठं माणूस रडताना मी फार दिवसांनी पाहिलं. तिच्या दंडावर हात ठेवला, मग काय करायचं ते न कळून काढून घेतला.

उद्या बैठकीत परत काढते, म्हणाली. इथे रीतच ती आहे. बैठकीत मांडल्याशिवाय ड्यूएन, म्हणजे मेकॅनिक, पान्याला हात लावत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

छत्तीस मिनिटं! एवढ्या कमी वेळेत तर मिलवॉकीत कॉफीही ओतून व्हायची नाही. सगळं ठरलं: मार्ग, पाळ्या, थांबे. एकाचाही आवाज चढला नाही. कागदावर काहीतरी लिहिलं मी, बोटाला शाई लागली आहे. मन कसं धुतल्यासारखं झालंय. लवकर जेवून तळ्यावर फिरून आले.

२० ऑगस्ट, बुधवार

आज लिहायला वही उघडली आणि नजर मागच्या पानावर गेली. अठरा तारीख.

मला ते आठवत नाही. भट्टी झालेली बस, व्हर्नाचं रडणं, काहीच नाही. म्हणजे काल तिने बैठकीत विचारलं. म्हणजे मीच लिहून घेतलं. माझ्या बोटाला शाई!

शांतपणे मांडते. त्या खोलीत जे विचारलं जातं आणि त्या कागदावर लिहिलं जातं, ते खोलीतल्या सगळ्यांच्या डोक्यातून जातं. विचारणाऱ्याच्याही. लिहिणारीच्याही. सकाळी कागद कोरा असतो. फक्त ही वही खोलीत जात नाही, म्हणून हिच्यात उरतं.

कागद साधाच आहे. दुकानातून मीच आणला. खोली मी केली. अडखळायच्या सगळ्या जागा गुळगुळीत मीच केल्या. आता त्या खोलीत प्रश्न टिकायला कोपराच उरला नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ड्यूएनकडे गेले. आधी बैठक नाही, कागद नाही, सरळ सांगितलं: चौदा नंबरचं दार बघ. त्याने तेलकट हात पुसत ऐकून घेतलं, मान डोलावली. बाई, बरोबरच बोलतेस, पण उद्याच्या बैठकीत टाक ना, म्हणाला. मी असा परस्पर हात घातला तर आर्लनला वाईट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे की वाईट! तो इतका ओशाळला, जणू मी भर चौकात कपडे काढले. वाईट वाटेल. या माणसांच्या थडग्यांवर हेच कोरायला हवं.

मग वर गेले. पडदा ओढून काढला, घड्याळ लावलं, जुन्या खुर्च्या आणल्या, मासा परत टांगला. कागद फाडला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बैठकीला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

दुपारी वर जाऊन पाहिलं. पडदा ओढलेला. टेबलं नालासारखी. हवा अडुसष्ट. ड्रायव्हरांनी स्वतः लावलं म्हणे, आर्लन सांगत होता. कुणीतरी चुकून खोली बिघडवली होती, पण सगळ्यांनी मिळून नीट केली, कुणालाच बोल लावला नाही. बैठक एकोणतीस मिनिटांत संपली.

नवा कागद. कोरा.

२५ ऑगस्ट, सोमवार

शिक्षण मंडळाच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अगं, तू त्या सुंदर खोलीवाली का? गेल्या आठवड्यात आमची बैठक तिथेच झाली. किती हलकं वाटलं सगळ्यांना! तुझा निरोप मी आर्लनला नक्की देते.

देऊ नका म्हणाले मी. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

आठ दिवस उरले.

२७ ऑगस्ट, बुधवार

रोज उठल्यावर आधी वही वाचते. चौदा. मागचं दार. अकरा मुलं. मग दात घासते.

व्हर्नाला पुन्हा वाचून दाखवलं. या खेपेला ती रडली नाही. ऐकताना हसत होती, दुसऱ्या कुणाच्या नातवंडांचे फोटो बघताना हसतात तशी. म्हणाली, आभार, रेनाटा. बसपर्यंत चल म्हटलं तर आली. दाराशी उभी केली तर उभी राहिली. हँडलकडे बघून म्हणाली, छान रंग आहे.

अगं, मला काहीतरी बोल ना. बाईसाहेब म्हण. शवपेट्यांचं बोल.

एकतीस वर्षं पोरं मोजणारी बाई. मी केलं हे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आर्लनला खोली पुरेनाशी झाली आहे. म्हणतो, अंगणातसुद्धा हीच शांतता हवी. नंतरचे कागद कापून त्याने लहान लहान चिठ्ठ्या केल्या आहेत, शर्टाच्या खिशात गठ्ठा, वर पेन. कुणी काही विचारलं की तिथेच लिहून घेतो. शेडमध्ये ड्यूएन कसल्याशा आवाजाबद्दल बोलत होता — आर्लनने लिहून घेतलं — ड्यूएन वाक्याच्या मध्येच थांबला आणि पान्याकडे बघत राहिला.

म्हणजे खोलीही लागत नाही आता. कागद पुरतो.

याला सांगायचं नाही. काहीही झालं तरी आर्लनला सांगायचं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

काल सतरा मिनिटं. दाराबाहेरून ऐकलं. कुणी काही विचारलंच नाही. फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज.

सांगून होणार नाही. सांगितलं की जातं. करायला हवं. दार मोडलेलं दिसलं तर निघण्याआधीच्या तपासणीत बस बाहेर पडत नाही, तेवढा नियम यांना हातापायांतून पाठ आहे. डोकं लागत नाही त्याला.

सोमवारी इथल्या कामगार दिनाची सुट्टी. अंगणात कुणी नसेल. ड्यूएनची लोखंडी पहार. खटका मोडायचा, काच फोडायची. बस. कुणाशी बोलायचं नाही.

मी कधी कुणाचा कपही फोडलेला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

वाचलं. चौदा. मागचं दार. अकरा.

घरमालकीण बाईंनी विचारलं, बरी आहेस ना? सगळं सांगावंसं वाटलं. इतकं वाटलं की — छान आहे म्हणाले. वर आले. दाराला कडी लावली.

१ सप्टेंबर, सोमवार

दुपारचे दोन. सावली नाही कुठे. चौदा नंबरच्या मागच्या सीटवर बसून लिहितेय. पहार मांडीवर आहे.

आतून हँडल फिरवलं. खटका अडकलेला. तेच आहे. वहीत आहे तसंच —

चार घाव घातले. पत्रा चेपला, खटका तसाच. काच राहिलीय. आवाज फार होतो. प्रत्येक घावाला मीच दचकते. कुणाची तरी क्षमा मागावीशी वाटते. कुणाची?

सीटवर पेनाने काढलेलं फूल. पाकळ्या मोजल्या. मोजायला नको होत्या, वेळ जातो —

आणखी दोन घाव. काच तडकली. पडली नाही. एक अजून.

शेडवरच्या खोलीचं दार वाजलं. आर्लन. सुट्टीच्या दिवशी! उद्यासाठी खुर्च्या लावत असणार.

येतोय. हात हलवतोय. हातात दोन कप कॉफी. एक माझ्यासाठी. घाव ऐकूनही हसतोय.

आत्ताच मारायला हवं. तो येईपर्यंत एक घाव होतो. उचलली पहार — तो बघतोय — त्याच्यासमोर काच फोडायची —

पुढच्या दाराने आत आला. आभार मानतोय. सुट्टीच्या दिवशीही काम करतेस म्हणून. कप सीटवर ठेवला. विचारतोय, रेनाटा, काही अडचण आहे का?

बोलायचं नाही. लिहीत राहायचं. वर बघायचं नाही.

वाट बघतोय. रागावत नाही. उभाच आहे. किती वेळ असं एखाद्याला — माणूस चांगल्या शब्दांत विचारतोय आणि आपण मान खाली घालून —

खिशातून पेन काढलंय.

पूर्ण नाही सांगणार. फक्त एवढंच म्हणते, की काही नाही आर्लन, हे जरा दा